देव्हाऱ्यातला फायरवॉल

२२ सप्टेंबर २०१७
आजपासून रोजनिशी. वामनरावांनी, म्हणजे आमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाच्या मालकांनी, ऑफिसात फायरवॉल बसवला. अकोल्याहून अश्विन नावाचा इंजिनिअर येऊन लावून गेला. इंटरनेटची तार आधी या डब्यात शिरते, मग आमच्या कॉम्प्युटरांकडे जाते. आत तीन सेवा: व्हायरस पकडणे, नको त्या साइट बंद ठेवणे, बाहेरचे हल्ले अडवणे. त्याने तासभर समजावलं. मला पाच मिनिटांत समजलं, उरलेला वेळ मान हलवली. डब्याची जबाबदारी माझ्यावर. पद कोणी दिलं नाही म्हणून स्वतःच घेतलं: सिक्युरिटी हेड. मेलखाली तसं लिहायलाही लागलो.

२५ सप्टेंबर
तीन दिवसांत १४३ हल्ले अडवले. अमरावतीवर एवढा डोळा कोणाचा?
संकल्प: हीनावर लक्ष ठेवणे. ती आमची ऑपरेटर. तीनशे शेतकऱ्यांचे ठिबक अनुदानाचे अर्ज तीच भरते आहे. शेताची मापं, सातबारे, फोटो, सगळं तिच्या हातात. ३० नोव्हेंबरपर्यंत सगळ्या फायली ऑनलाइन गेल्या पाहिजेत. एवढं एकाच बाईच्या हाती असणं बरं नाही.

३० सप्टेंबर, दसरा
पूजेत वामनरावांनी पान्हे आणि पाइप कापायची कात्री मांडली. मी म्हटलं, ऑफिसचं खरं शस्त्र फायरवॉल. सोडवून आणला, पाटावर ठेवला. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. वामनरावांना मध्येच मेल पाहायचा होता, म्हणून तार थेट जोडून दिली. तात्पुरती.

३ ऑक्टोबर
पूजेतली वस्तू लगेच हलवू नये, असं सौ. म्हणते. डबा ऑफिसच्या देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवला, दिव्यांच्या माळेच्या प्लगमध्ये लावला. दिवे लुकलुकतात. दिवे चालू म्हणजे पहारा चालू.
भातकुलीचे जानराव आले होते. फाईल कुठवर आली, विचारत होते. हरभऱ्यात ठिबक टाकायचं आहे. चर खणून ठेवले, नळ्याईची वाट पाहून राहिलो, म्हणाले. जाताना गणपतीला हात जोडले, मग डब्यालाही. मला बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
डब्याला लॅपटॉप जोडून रिपोर्ट काढला. हल्ले शून्य. व्हायरस शून्य. अश्विनला जमलं नाही ते मला जमलं. प्रिंट काढून वामनरावांच्या टेबलावर ठेवली.
बंद केलेलं फेसबुक मात्र परत उघडतं आहे. डब्याला आता चांगलं-वाईट कळू लागलं असावं.
हीना म्हणाली, सर, त्या डब्यातून तार जाऊनच नाही राहिली. मी तिला विचारलं, तुझा कोणता कोर्स झाला आहे? ती परत अर्ज भरायला लागली.

२४ ऑक्टोबर
धोका सापडला! हीना रोज संध्याकाळी सगळ्या फायली स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेते. का, तर बिघाड झाला तर एक कॉपी असावी म्हणे. चोर दुसरं काय सांगणार? डिस्क जप्त केली आणि तिच्यासमोर फॉरमॅट केली. दोनदा. तिची बहीण कहकशाँ हिच्या लग्नाचे फोटोही त्यातच होते म्हणे. नियम म्हणजे नियम. ती रडली. मी ग्लासभर पाणी दिलं. माणुसकी सोडलेली नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळी ११
दिल्लीहून मेल. देशातले उत्कृष्ट सिक्युरिटी हेड म्हणून माझी निवड! इंग्रजी जरा अशुद्ध आहे, पण मोठ्या लोकांना वेळ नसतो. सर्टिफिकेट उघडलं. काही दिसलं नाही. कॉम्प्युटर घरघरतो आहे. सर्टिफिकेट मोठं असणार.

दुपारी ३
एकही फाईल उघडत नाही. हीनाकडचीही नाही. पडद्यावर लाल पाटी, पैसे मागतात.

दुपारी ४
वामनरावांना सांगितलं, हे आतल्या माणसाचं काम. डिस्कची गोष्टही सांगितली. त्यांनी हीनाला उद्यापासून येऊ नको म्हटलं. जाताना तिने एवढंच विचारलं, की त्या तीनशे जणांचं आता कसं. मी म्हटलं, डब्यात सगळं सुरक्षित आहे, अश्विन येऊन काढून देईल.

२१ नोव्हेंबर
अश्विन आठवड्याने उगवला. लॅपटॉप उघडलाच नाही. मोडेमच्या तारेवर बोट ठेवून निघाला, तो थेट आमच्या स्विचपाशी पोचला, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जिथे जोडले आहेत त्या पेटीपाशी. मग देव्हाऱ्याकडे पाहिलं. हा डबा पूजेत कधीपासून हाय, म्हणाला. मी सांगितलं, दसऱ्यापासून. डब्यात फायली नसतात, हेही त्याने सांगितलं. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. नंतर माझा कॉम्प्युटर तपासला. सर्टिफिकेट सापडलं.
कुठं कॉपी हाय का, त्याने विचारलं. वामनराव माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं.

२३ नोव्हेंबर
वामनराव स्वतः हीनाच्या घरी गेले. ती आली. माझ्याकडे न बघता पहिला अर्ज नव्याने भरायला घेतला. लोकांना पुन्हा कागद आणायला सांगितले आहेत. जानराव तलाठ्याकडे दोनदा जाऊन आले, भेट झाली नाही.

१ डिसेंबर
तारीख काल संपली. एक्केचाळीस फायली ऑनलाइन गेल्या. जानरावांची नाही.
मला गोदामात पाइप रचायला लावलं आहे. माझ्या खुर्चीवर हीना बसते. आज संकल्प नाही.
जानराव आले. त्यांना मीच सांगायचं, असं वामनरावांनी ठरवलं होतं. सांगितलं. ते म्हणाले, चर बुजवून टाकतो मंग, बैलाचा पाय अडकते त्याच्यात.
डबा परत त्याच्या जागी लावला आहे. देव्हाऱ्यात नुसती कुंकवाची खूण उरली आहे. जानरावांनी गणपतीला हात जोडले, मग त्या रिकाम्या जागेलाही जोडले. मी शेजारीच उभा होतो. मला येतोसुद्धा म्हणाले नाहीत.