सालीसकट खायचं फळ

चिरंजीवांच्या बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे. तुम्ही रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना?

इथे लेकाकडे बोराएवढी संत्री मिळतात, त्यांना कमक्वाट म्हणतात. मी सवयीने सोलून खाल्लं आणि आंबट गराने डोळेच मिटले. लेक हसला. "अगं आई, गोड असते ती सालच! सगळं एकदम चावायचं." तसं खाल्लं, तर खरंच छान लागलं.

त्याने कमक्वाटचं लोणचंही घातलं. फोडी करून बिया काढल्या, मीठ, तिखट, गूळ घातला. चव उत्तम. पण हे मंगळवारी सकाळी अकरा वाजता! बुधवारी मुरांबा केला, गुरुवारी सरबत. "ऑफिस नाही का रे?" विचारलं, तर म्हणे, "सध्या घरूनच काम." लॅपटॉप मात्र आठवडाभर कपाटात आहे, आणि सूनबाई माझी नजर चुकवून कामावर जाते.

त्याची नोकरी गेली आहे. माझ्यापासून लपवतोय.

आणि परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "त्याला फार प्रश्न विचारू नकोस." म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे! फोनवर तो ऐकेल, म्हणून उलट टपाली खरं काय ते लिहा. मी त्याला बोलणार नाही. तोवर गप्प बसते, पण घरातल्या बरण्या संपत आल्या आहेत, तेव्हा उशीर करू नका.

उत्तराची वाट पाहणारी,
तुमची सौ.