डावा म्हशीचा, उजवा वासराचा

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, नाहीतर तुझ्या सुनेचा फोन आला असता. तुझ्या यजमानांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, मलम गुडघ्याला लावायचं असतं, कपाटात ठेवायचं नसतं.

सोबत एक खोका पाठवते आहे. पत्र संपेपर्यंत तो उघडू नकोस. अर्थात तू आधीच उघडला असशील. तर आत बघून "ताईचं डोकं फिरलं" असं जे काही म्हणालीस, ते मागे घे आणि पुढे वाच.

गेल्या सोमवारी मी बूट घ्यायला गेले. चौकातलं ते अरुंद दुकान, आत शिरलं की चामड्याचा वास अंगावर येतो. दुकानदाराने दोन जोड काढले. रंग तोच, तळ तोच, नाड्यासुद्धा त्याच. फरक एवढाच की एक वासराच्या कातड्याचा आणि दुसरा म्हशीच्या. मी म्हटलं, तुलना करायची तर एका वेळी करावी. म्हणून डाव्या पायात म्हशीचा चढवला, उजव्यात वासराचा, आणि त्याच्या आरशासमोर फेऱ्या मारायला लागले.

"हा मऊ आहे बाई, आजच पायाला बसेल," तो म्हणाला. "तो म्हशीचा सुरुवातीला चावतो. पण एकदा मुरला की वर्षानुवर्षं बघायला नको."

"मग मुरणारा द्या."

"तुम्ही आपला मऊच घ्या. या वयात तो मुरेपर्यंत..."

"मुरेपर्यंत काय?"

"नाही, म्हणजे तसं नाही..."

"तसं नाही तर कसं? तो मुरेपर्यंत मी मरेन, असंच ना?"

भिंगरे, अख्खी नोकरी मी वॉर्डात उभी राहून काढली. भलेभले सर्जन माझ्यासमोर आवाज खाली आणून बोलायचे. आणि हा माणूस, ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, तो माझं आयुष्य कातड्यावर मोजतो! मी पैसे टेबलावर आपटले आणि तरातरा बाहेर पडले. इतक्या रागात की बूट बदलायचेच राहिले. माझे जुने बूटही तिथेच.

घराच्या जिन्यात लक्षात आलं. उजवा पाय आरामात, डावा बोंबलतोय. खाली बघितलं आणि तिथेच पायरीवर बसून हसत सुटले. वरच्या मजल्यावरची शिक्षिका धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

का हसले, ते तुला सांगायला नको. तू पाचवीत आलीस आणि तुझा पाय माझ्याएवढा झाला. मग एका सकाळी दारातल्या ढिगातून आपण दोघी एकेक बूट चुकीचा घालून शाळेत गेलो. प्रार्थनेच्या वेळी मदरनी माझा एक घासलेला आणि एक चकाकणारा बूट पाहिला आणि विचारलं, हे काय? मी तोंड उघडायच्या आत तू तिसऱ्या रांगेतून ओरडलीस, "मदर, दुसरा माझ्याकडे आहे!" दोघींना घंटेखाली उभं केलं. तिथेही खिदळत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदार उरलेले दोन बूट पुढ्यात मांडून बसला होता, घरात कोणी गेल्यासारखा चेहरा.

"दोन्ही जोड मोडलेत बाई. बदलून न्या."

"बदलणार नाही. हेसुद्धा द्या. माझ्या बहिणीला."

"त्यांना चालेल, डावा-उजवा वेगळा?"

"तिला काहीच चालत नाही. पण घालेल."

"त्यांचं वय काय?" जीभ चावून त्याने लगेच हात जोडले.

"माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि वीस वर्षांनी म्हातारी," मी म्हटलं. तो हसला. मीही हसले. बटण चुकलंय तेही सांगून टाकलं.

आता मुद्द्याचं. माफी मागायला मी हे लिहीत नाही. माफी तू मागायचीस. मार्चमध्ये मी फोनवर इतकंच म्हटलं होतं की शाळेमागच्या टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत एकदा जाऊ या. मदर आपल्याला वाटेतल्या वळणापर्यंतच सोडायच्या, आणि मोठ्या झालो की वर जायचं, असं आपलं ठरलं होतं. ठरवलं तूच होतंस. त्यावर तू काय म्हणालीस? "ताई, या वयात?" मी फोन ठेवला. त्या दुकानदाराचे शब्द मला इतके का झोंबले, ते आता तुला कळलं असेल.

काल मी हे विजोड बूट घालून टेकडीवर गेले. एकटीच. हवा छान होती, समुद्र स्वच्छ दिसत होता, डावा बूटही आता कमी चावतो. दम लागला नव्हता. वळणापर्यंत गेले, तिथल्या दगडावर बसले, आणि परत आले.

पाय दुखत नव्हते, भिंगरे. पुढची वाट काही अवघडही नाही, लहान पोरं धावत चढत होती. पण वर पोचल्यावर "पोचलो" असं कोणाला म्हणायचं?

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. यजमानांना मलम आणि सून दोन्ही आहेत. नाही आलीस तर मी रागावणार नाही. फक्त ते दोन बूट परत पाठव, आणि ते मात्र स्वतः घेऊन ये.

एक लक्षात ठेव. तुझा डावा मऊ आहे, उजवा कडक. माझं उलटं. भांडत चढायचं असेल तर माझ्या डावीकडून चाल, म्हणजे दोघींचे कडक बूट शेजारी येतील. एरवी उजवीकडून. म्हणजे मधली बाजू मऊ राहील.

मी उजवीकडे जागा ठेवून चालते आहे.

तुझी,
एका पायाने अजून न मुरलेली
ताई