राखणीचा कोंबडा

९ नोव्हेंबर

लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. मांडवीला वही घेतली तेव्हा वाटलं होतं, आता रोज लिहायचं. पण वही उघडली की झोप येते, आणि इथे झोपलं तर कोणी उठवत नाही. तर आलोय. रत्नागिरीच्या बाहेर, कातळाच्या कडेला दमयंतीकाकूंचं घर आहे. नोकरी काय, तर आजारी कोंबड्याची सेवा! आंजर्ल्याला होड्या ढकलल्या, दापोलीत कलमांना पाणी घातलं, आता ही बढती.

कोंबडा काळाकुट्ट. उजवा डोळा सुजून मिटलेला, कडेला पिवळा फेस. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसायचा, गुरांच्या डॉक्टरने दिलेले थेंब घालायचे, भिजवलेल्या कण्या हाताने भरवायच्या. त्याला कण्या, मला बांगड्याचं कालवण. ठेवून घेताना काकूंनी ना शिक्षण विचारलं, ना गाव. विचारलं काय, तर दोन्ही डोळे चांगले आहेत ना, अंगात कुठे खोट नाही ना. म्हटलं काकू, मुलगी दाखवताय की काय? हसल्याच नाहीत. या बाईला हसायला वेगळा पगार द्यावा लागत असेल.

धाकट्या बहिणीला, ऋतिकाला, मेसेज टाकला: पॅकिंगच्या कारखान्यात कशाला मरतेस, इकडे ये, येडी माणसं फुकट पोसतात. पत्ताही टाकला. येतेय कसली. माझं बोलणं तिने आजवर कधी खरं धरलंय?

१२ नोव्हेंबर

थेंब जास्वंदीच्या बुंध्यात ओतले. कोंबड्याच्या पापण्या उलगडत बसायला मी काय त्याची आई आहे? कण्या मात्र भरवतो, चोच हाताला लागली की गुदगुल्या होतात.

इथला गडी काशीराम, म्हातारा, एक डोळा पांढरा फट्ट. रोज विचारतो, थेंब घातलेस काय रे. मी म्हणतो, घातले. आज म्हणाला, मेल्या, कोंबड्याशी खोटं बोल, माझ्याशी बोल, पण ज्याचा कोंबडा त्याच्याशी बोलू नको. म्हटलं कोंबडा काकूंचा. तर थुंकला.

एक गंमत. कोंबडी एका डोळ्याने बघते ना, मान तिरकी करून? हा बावळट तिन्हीसांजेला आजारी डोळा पुढे करतो. मिटलेल्या डोळ्याने दूरच्या गडग्याकडे बघतो आणि मान हळूहळू फिरवतो. चिऱ्यांच्या त्या बांधावरून कोणी चालत जावं तसं. बांधावर कोणी नव्हतं. मी पोट धरून हसलो.

१५ नोव्हेंबर

आज बांध नाही, विहीर. मिटला डोळा विहिरीपासून निघाला आणि तुळशीपाशी थांबला.

काशीरामला विचारलं. चिलीम झाडत त्याने सगळं सांगितलं. या जागेचा एक राखणदार आहे, दिसत नाही. देवदिवाळीला त्याला कोंबडा द्यायचा, तीच राखण. पिल्लू असतानाच त्याच्या नावाने सोडलेला, बदली चालत नाही. आणि खोट असलेला त्याला चालत नाही. मग म्हटलं, खोट निघाली तर? तर म्हणे ज्याने कोंबड्याला हाताने भरवलं, तो. म्हणून तर परका गडी ठेवतात, घरचं कोणी त्याला भरवत नाही.

काय एकेक भाकडकथा. हसलो. पण काशीराम उठला आणि तुळशीला लांबून वळसा घालून गेला.

१७ नोव्हेंबर

जास्वंदीची सगळी पानं गळली. थेंब तळाला थोडे उरलेत. तेवढे घातले. पाणी, कापूस, थेंब, पुन्हा पाणी. बघ ना रे, उघड ना डोळा, राजा. मी कोंबड्याला राजा म्हणतोय.

डावा डोळाही पाणावलाय.

आज पडवीची पायरी.

१८ नोव्हेंबर

पळालो. एसटीच्या थांब्यावर बाकावर बसलो. कोणाच्या तरी कोंबड्या चरत होत्या, धडधाकट. एकेक करून थांबल्या. सगळ्यांनी एक डोळा मिटला आणि मिटलेला डोळा बाकाकडे केला. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

परत आलो. एसटीत तो शेजारी बसला असता तर —

काकू म्हणाल्या, जेवून घे, सुरमई आणलीय.

२० नोव्हेंबर

कोंबड्याचे दोन्ही डोळे मिटले. उद्या देवदिवाळी.

काशीरामने सांगितलं, तो आणि आणखी एक पोरगा असेच आले होते. दोघांनीही भरवलं होतं. कोंबडा आंधळा झाला. दुसरा हसत राहिला. त्याची एक चप्पल गडग्यापाशी मिळाली. मग काशीरामने स्वतःच्या पांढऱ्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि कुंपणाच्या रुईकडे बघितलं. रुईचा चीक डोळ्यात गेला की —

खोट असलेला चालत नाही.

२१ नोव्हेंबर

केलं. उजवा गेला. ओळी तिरक्या येतायत.

काकूंनी हनुवटी धरून उजेडात बघितलं. कोंबडा सडका निघाला की तोंड करतात तसं केलं. म्हणाल्या, हाही वाया. काशीरामने डोळ्याला विसावा म्हणून खोलीत घातलं, बाहेरून कडी.

पण वाचलो. गडी होऊन राहीन, झाडीन, थुंकीन. वाचलो.

अंगणात कोणी आलंय. पोरीचा आवाज. राखणीला पोरीबाळी येत नाहीत म्हणे, मग —

ऋतिका. खांद्याला बॅग. म्हणतेय, दादाने बोलावलं.

खिडकीच्या गजातून ओरडलो, पळ, ऋते, पळ. तिने हात हलवला. हसतेय. काकूंना सांगतेय, तो ना, असाच आहे, सगळ्याची टिंगल करतो, लक्ष देऊ नका.

काकू हसल्या. पहिल्यांदा हसल्या. ये गो बाय, म्हणाल्या. काय सुंदर डोळे हे, दोन्ही चांगले आहेत ना?

ती पडवीत बसली. काशीरामने कोंबड्यावर झाकलेलं डालगं उचललं. काकूंनी कण्यांची वाटी तिच्या —

पान फाडून फेकतो. ऋते, भरवू नकोस, हात मागे घे, कोंबड्याने मान वळवलीय, तुझ्या मागे —