दुर्बीण कुठली घेऊ, आत्या?

एनस्खेडे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. पद्मजाआत्यास ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे मला ओरडता येत नाही (शेजारचे डच लगेच दार वाजवतात), म्हणून आपलं हे पत्रच बरं. बातमी मोठी आहे. परवाना आला! वर्षभर शूटिंग क्लबात इमानेइतबारे हजेरी लावली. पोलिसांनी घरी येऊन लोखंडी कपाट भिंतीला पक्कं आहे का ते हलवून पाहिलं. चहा मात्र घेतला नाही. क्लबातल्या एका आजोबांची जुनी पॉइंट टू-टू रायफल आता माझी झाली. जड नळी, लाकडी दस्ता, अगदी तुझ्या पसंतीची.

पण तिच्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण नाही, आणि तिथेच गाडी अडलीय. एक आहे चोवीस पट मोठं दाखवणारा, एक सोळा पटीचा पण काच उत्तम, आणि एक साधा, दहा पटीचा. आमचे शिकवणारे खेरिट म्हणतात सोळाचा घे, बाकीचे सगळे म्हणतात घ्यायचा तर मोठाच घे. मी विद्यापीठात दिवसभर भिंगांवरच संशोधन करते, तरी माझं डोकं चालेनासं झालंय. गोळी कशी मारायची हे घराण्यात तुलाच ठाऊक. तेव्हा तू सांगशील तोच घेईन.

बाकी थंडी आहे, सायकल आहे, मी आहे. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावं.

तुझी,
ऋजुता

---

सांगली,
१ मार्च २०२५

चि. ऋजुतास आत्याचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा अशासाठी, की अख्ख्या पत्रात कानांचा उल्लेख नाही. कानांवर घालतेस ना काही? आम्ही कापसाचे बोळे घालून पंचवीस वर्षं कॉलेजच्या एनसीसीच्या मुलींना नेमबाजी शिकवली, आणि आता मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. वरण रोज करपतं.

आता दुर्बीण. आमच्या वेळी नेम धरायला नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच, बस. पण शेवटच्या बॅचमधल्या एका मुलीकडे दुर्बीण होती, तिच्यामुळे मी शिकले. चोवीसच्या नादी लागू नकोस. मोठं दिसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं. चोवीस पटीत तुझ्याच छातीचे ठोके तुला निशाणावर दिसतील आणि तू त्यांच्याशीच भांडत बसशील. दुकानात गेलीस की रायफल टेकवून दुर्बिणीतून बघ आणि डोळा जरासा इकडेतिकडे हलव. पन्नास मीटरवरच्या खुणेवर आतल्या रेघांची फुली जागची हलली तर ती दुर्बीण तुझ्या कामाची नाही. नेम जुळवायची वरची चकती वीस टिक पुढे ने, वीस मागे आण. फुली होती तिथेच परत आली पाहिजे. आणि ती रायफलीवर बसवायच्या कड्यांवर कंजूषपणा करू नकोस, लोक तिथेच फसतात.

डावा डोळा मिटायला तुला त्रास होतो, असं मागे एकदा लिहिलं होतंस. माझी ती सोय देवाने चौथ्या वर्षीच करून ठेवली. देवी आल्या आणि डावा गेला. मुली चेहरे वाकडे करायच्या तेव्हा मी आयतीच तयार असायचे.

पोटभर जेवत जा. ब्रेडला मी जेवण म्हणत नाही. आशीर्वाद आहेत, शिवाय लक्षही आहे.

तुझी,
आत्या

---

एनस्खेडे,
१६ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, त्याची शिक्षा लगेच मिळाली. क्लबातल्या एकाने त्याचा चोवीस पटीचा स्कोप एका दिवसासाठी लावून दिला. म्हटलं, बघू तरी. काय दिसत होतं म्हणून सांगू! कागदाचे धागे मोजावेत इतकं मोठं. ठोके दिसले, तू म्हणालीस तसे. तरी श्वास धरून पाच गोळ्या मारल्या, पाचही मस्त गेल्या. कागद मागवला तर कोरा. एक भोक नाही! शेजारच्या लेनमधल्या बाईंनी दहा गोळ्या मारल्या होत्या आणि त्यांच्या कागदावर पंधरा भोकं. इतक्या मोठ्या चित्रात मला फक्त काळं वर्तुळ दिसत होतं, ते कोणाचं हे दिसतच नव्हतं. बाई म्हणाल्या की तुझ्या गोळ्या माझ्यापेक्षा बऱ्या लागल्यात. खेरिट पाच मिनिटं भिंतीला टेकून हसत होते.

तर चोवीस बाद. सोळा की दहा, एवढंच उरलं.

आत्या, एक विचारू? तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्यात. "कड्यांवर" हा शब्द तू दोनदा एकावर एक लिहिलायस. तुझं अक्षर म्हणजे आमच्या घरात कित्ता होता. उजव्या डोळ्याला काय झालंय? मला खरं सांग.

लोभ असू दे, लपवाछपवी नसू दे.

तुझी,
ऋजुता

---

सांगली,
६ एप्रिल २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारची कीर्ती लिहून घेतेय. माझा हात दुखतो. तुझ्या पाच गोळ्या ऐकून इतकी हसले की कीर्तीने पाणी आणून दिलं. पण तू एकटी नाहीस हो. परवा आमच्या एनसीसीतल्या एका मुलीच्या मुलाचं लग्न होतं. त्या मंगल कार्यालयात दोन हॉल, वर एक आणि खाली एक. मी खालच्या हॉलमध्ये गेले, अक्षता टाकल्या, नवरीला साडी दिली, तिला भरभरून आशीर्वाद दिला, पंगतीला बसले. जिलब्या छान होत्या. निघताना यजमानीणबाईंनी हळूच विचारलं की आपण मुलाकडच्या की मुलीकडच्या. मी वरच्या हॉलमधली होते! नवरीने साडी परत देऊ केली, मी म्हटलं राहू दे गं, नेस. वर गेले तोवर तिथली माणसं पांगली होती.

डोळ्याचं विचारतेस, तर मोतीबिंदू आहे. या वयात सगळ्यांनाच असतो. तीन वर्षं आहे. अजून पिकलेला नाही. पूर्ण पिकला की काढू. त्यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

सोळाची घे. कळावे, आणि जास्त चौकशी नसावी.

तुझी,
आत्या

ऋजुता, हे पुढचं मी, कीर्ती, माझ्या मनाने लिहितेय. ताईंना वाचून दाखवणार नाही, आणि त्यांना वाचता येणार नाही. तेच सांगायचं आहे. पेपर मी वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात ताई जिन्याच्या दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा फुटला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन लगेच करा म्हणून तीनदा सांगितलं. ताई तयार होत नाहीत. त्यांच्या सासूबाईंचा डोळा मोतीबिंदूच्या एका शिबिरात गेला होता, ते त्यांच्या मनातून जात नाही. म्हणतात, माझ्याकडे दुसरा डोळा नाही, हा गेला तर मी काय करू. तुमचं त्या ऐकतील असं वाटतं.

---

एनस्खेडे,
२१ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कीर्तीताई, हे मोठ्याने आणि एकही शब्द न गाळता वाचा.

आत्या, मोतीबिंदू आंबा नाही, आढीत घालून पिकवायला! ती जुन्या काळची गोष्ट. आता जितका पिकतो तितका कडक होतो, आणि कडक झाला की काढायला अवघड. तू वाट बघून धोका कमी करत नाहीयेस, वाढवतेयस. मी इथल्या एका नेत्रतज्ज्ञांना विचारलं. एकच डोळा आहे म्हटल्यावर ते म्हणाले की मग तर मुळीच थांबू नये.

तुला भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. काल क्लबात माझी पाळी आली आणि मी डोळा लावायच्या आधीच रडायला लागले. खेरिटना वाटलं मला काडतुसाचा धूर लागला.

तेव्हा आता ऐक. तुझं ऑपरेशन होईपर्यंत मी स्कोप घेणार नाही. रायफल कपाटात कुलपात आहे आणि तिथेच राहील. जूनच्या अखेरीस नवशिक्यांची स्पर्धा आहे, नाव दिलंय, तीही गेली तर जाऊ दे. याला तू ब्लॅकमेल म्हणणार हे ठाऊक आहे. म्हण. मी तुझ्याकडूनच शिकले हट्ट करायला.

म्हणालीस तर रजा टाकून येते.

तुझी, रागावलेली तरी तुझीच,
ऋजुता

---

सांगली,
१० मे २०२५

ऋजुता,

आशीर्वाद आहेतच, ते काय बंद होतात होय. पण गधडे, आत्याला असं कोंडीत पकडतात? आणि ही कीर्ती! फितूर! समोर बसून लिहितेय आणि गालात हसतेय, मला दिसत नसलं तरी कळतं. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी पेपर कोण वाचणार म्हणून बोलले.

तू येऊ नकोस. तू विमानाने आलीस तर मला वाटेल काहीतरी गंभीरच आहे. खरं सांगू? मला भीती ऑपरेशनची नाही गं. पट्टी काढली आणि समोर काळोख असला तर काय, ही भीती आहे. आज धूसर का होईना, उजेड कुठून येतो ते कळतं. खिडकी कळते. एवढं तरी आहे ते घालवू का, असं वाटतं. तीन वर्षं हेच चाललंय माझं. आज पहिल्यांदा कोणाला इतकं उघड सांगितलं.

पण तुझी स्पर्धा माझ्यामुळे बुडाली, असं मला नको आहे. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. अकरा जूनची तारीख दिलीय. आता त्या विचारतात, आत भिंग कोणतं घालू? एक लांबचं चांगलं दिसायचं, एक जवळचं, आणि एक महागडं, लांबचं-जवळचं दोन्ही. माझं तर डोकंच फिरलं. आता तू सांग. काचेत डॉक्टरेट करतेस ना? तू सांगशील तेच घालीन.

कळवणे. वाट बघते आहे.

आत्या

---

एनस्खेडे,
२४ मे २०२५

ती. लाडक्या आत्यास सा. न. वि. वि.

तारीख वाचली आणि लॅबमध्ये उडी मारली. शेजारच्या टेबलावरची पोरगी दचकली.

भिंगाचं सांगते. दोन्हीचं भिंग आत आलेला उजेड वाटून टाकतं, थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, करडं आणि पांढरं यातला फरक कमी कळतो. दोन डोळे असतील तर भागून जातं. तुझ्याकडे एकच आहे, त्याला सगळा उजेड एका कामाला मिळू दे. लांबचं घाल. पायऱ्या, रस्ता, पाट्या, माणसांचे चेहरे. वाचायला साधा चष्मा लाव. डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं असेल तर त्यांचंच ऐक, त्यांनी डोळा पाहिलाय, मी नाही.

अकराला मी सुट्टी घेतलीय. दिवसभर घरी बसणार आणि फोन हातात धरणार. कीर्तीताईंना सांग, झाल्याबरोबर नुसता मिस्ड कॉल द्या.

जास्त काय लिहू. तू तुझ्या मुलींना सांगायचीस ना, हात सैल सोडा म्हणून, तशी पडून राहा. सगळा लोभ तिकडेच पाठवलाय.

तुझी,
ऋजुता

---

सांगली,
१७ जून २०२५

चि. ऋजुतास तुझ्या आत्याचे, स्वतःच्या हाताने लिहिलेले, अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ. चष्मा लावून लिहितेय, ओळी सरळ आहेत की नाहीत ते तू सांगायचं नाहीस, मला दिसतंय.

बाराच्या सकाळी पट्टी काढली. मी डोळा उघडेचना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उघडा हो ताई, मी काही चावत नाही. उघडला तर समोर भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावरची तारीख! मी मोठ्याने वाचली. खालची प्रतिपदा सुद्धा वाचली. कीर्ती रडत होती, तिचे केस इतके पिकलेत हे मला ठाऊकच नव्हतं. तसं मी तिला लगेच सांगितलं.

मग घरी आले आणि चप्पल काढून थेट ह्यांच्या फोटोपुढे गेले. तीन वर्षं रोज सकाळी तिथे दिवा लावताना मी या डोळ्याला शिव्या दिल्या, की मेल्या, तू माझ्याकडून त्यांचा चेहरा नेलास. वाटायचं, ऑपरेशन होईल तेव्हा दिसतील. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल. त्या दिवशी उभी राहिले आणि दिसले नाहीत. फ्रेम दिसली, काचेवरची धूळ दिसली, खिळा दिसला. फोटोच उडालाय गं, नुसता पांढरट कागद उरलाय. समोरच्या खिडकीतलं ऊन तीन वर्षं रोज त्याच्यावर पडत होतं आणि मला दिसत नव्हतं. दिसलं असतं तर हातभर सरकवला असता की! आधी खूप रडले. डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून कीर्ती ओरडली, तेव्हा थांबले.

तुझ्याकडे तू तिकडे निघालीस त्या दिवशीचे फोटो आहेत, पुणे स्टेशनावरचे. त्यातल्या एकात हे तुझी बॅग धरून उभे आहेत. तो कागदावर काढून पाठव. ऊन लागणार नाही अशी जागा मी आजच रिकामी केलीय.

आणि हे पत्र हातात पडेल तेव्हा, कुठला दिवस असेल तो, सायकल काढ आणि जाऊन सोळाची दुर्बीण घेऊन ये. यंदाची स्पर्धा चुकली तर पुढची आहे, पण दुर्बीण उद्यावर टाकू नकोस, मी तसा नवस बोललेय म्हणून समज. खेरिटना विचार, पाहुण्याला तुमच्या क्लबात रायफल हातात देतात का. पासपोर्टचा फॉर्म मी भरलाय. कीर्तीने नाही, मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या दोन-तीन महिन्यांनी प्रवासाला हरकत नाही. पालथं पडायला गुडघे तयार होणार नाहीत, तेव्हा मला तिथे टेबल-खुर्ची लागेल.

एकदा त्या फुलीतून बघायचंय मला. माझ्या डोळ्याने.

तुझी,
आत्या