फोन उचलल्यावरचा पहिला शब्द

महाल, नागपूर
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

प्रिय जित्यास,
अंकुशचा जय भीम.

इकडे सगळं ठीक. ऊन चव्वेचाळीसवर गेलंय, नळाला कूलर भरण्यापुरतं पाणी येतं, आणि लग्नाच्या व्हिडिओंचं माझं मिक्सिंगचं दुकान अजून चालू आहे. तू, कामिनी वहिनी आणि भूमिका मजेत असाल. हेलसिंकीत अजून बर्फ आहे का, असं तुझे बाबा विचारत होते. मी 'आहे' म्हणून सांगितलं. त्यांना तसंच ऐकायला आवडतं.

हे पत्र कामाचं आहे. सोबत एक लिंक आहे. तिच्यात तुझ्या बाबांचा व्हिडिओ आहे, दोन तास बावन्न मिनिटांचा, अडतीस जीबी. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी कन्हानला तुमच्या घरी जाऊन शूट केला. तू म्हणशील, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना. नाही टाकणार. एवढी फाइल तिथे जात नाही, आणि तुकडे करून, दाबून पाठवली तर चेहऱ्याचं पिठलं होतं. तुझी आई गेल्यावर, अंजना काकूंच्या जलदान विधीला तू मोबाइलवर जे पाहिलंस ते पिठलंच होतं, असं तूच म्हणाला होतास.

घरून दोनदा चढवून पाहिली. दुसऱ्यांदा एक्क्याण्णव टक्क्यांवर लाइन गेली. मग डिस्क घेऊन इतवारीत रोशनच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन बसलो, त्याच्याकडे फायबर आहे. पाच तास पितळी हंडे-गुंडांच्या उतरंडीशेजारी बसून चढवली आहे, तेव्हा थोडी कदर कर. आमच्या धंद्यात तयार फाइलच्या नावापुढे 'फायनल' लावतात. मी तो शब्द काढून 'पूर्ण' लावला.

लिंकवरच चालवून बघू नकोस, अडकत राहील. आधी सगळी उतरवून घे, मग आणखी एका डिस्कवर कॉपी कर. आवाज घोगरा वाटेल, त्यात माझ्या माइकचा दोष नाही. लिंक पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत चालेल. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत आहे: तुझा फोन उचलल्यावर तुझे बाबा जो पहिला शब्द बोलतात, तो.

एवढंच.
अंकुश

महाल
रविवार, २० एप्रिल

जित्या, जय भीम.

तुझी ओळभर मेल मिळाली. 'पासवर्ड चुकतोय. हॅलो, जयभीम, जितू, बेटा, सगळे टाकून पाहिले. सरळ लिहून पाठव, मीटिंग आहे.'

चारही चूक. 'बेटा' तर त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नसेल. फाइल किती वेळा उतरवली तो आकडा मला इथे दिसतो. शून्य आहे.

मला वाटलं होतं, तो शब्द तुला पाठ असेल. मला आहे. कॉलेजात असताना तू माझ्या खोलीवर राहायचास आणि कन्हानहून फोन आला की तो मलाही ऐकू यायचा. खाणीत नोकरी केलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. तुमचं शेवटचं बोलणं विजयादशमीला झालं, हे मला काकांकडूनच कळलं. घर विकून तिकडे या म्हणालास, ते नाही म्हणाले, तू फोन ठेवलास. तेव्हापासून ते सकाळी फुलांचे फोटो पाठवतात आणि तू अंगठा पाठवतोस. भांडण तुम्हा बापलेकांचं, मी त्यात पडत नाही. फाइल मात्र माझ्या मेहनतीची आहे.

तेव्हा सोपा उपाय सांगतो. एक फोन लाव. ते उचलतील, पहिला शब्द बोलतील, तो टाइप कर. मग हवं तर ठेवून दे.

आत काय आहे ते थोडं सांगतो, म्हणजे तुझं मन होईल. त्रिसरणापासून पूर्ण वंदना म्हटली आहे. मग नातीसाठी, भूमिकासाठी गोष्ट: तिचा बाप सात वर्षांचा असताना नदीच्या वाळूतल्या वाडीत टरबूज चोरायला गेला आणि वाडीवाल्यानं त्यालाच दिवस मावळेपर्यंत राखणीला बसवलं. मध्ये मध्ये ते थांबून पाणी पितात. मी ते कापलेलं नाही. बरंच पाणी पितात.

अंकुश

महाल
मंगळवार, २२ एप्रिल

जित्या,

आजही शून्य. काल मी काकांना विचारलं, जितूचा फोन आला होता का? म्हणाले, "कामात असन गा तो. तिकडं दिवस लहान रायते." एप्रिलात तिकडे दिवस लहान नसतो हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आता जे लिहिणार नाही असं त्यांना कबूल केलं होतं, ते लिहितो. तुझ्या बाबांना गळ्याचा कॅन्सर आहे. परवा, गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जीव बहुतेक वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घेतील. बोलणं संपेल. हे ऐकून ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "तुह्या कॅमेऱ्यात कितीक मावते गा?" मी म्हटलं, तुम्ही बोलाल तेवढं. म्हणून ती फाइल एवढी मोठी आहे.

तुला कळवतो म्हटलं तर हात धरला. "त्याले सांगू नको. तो धावत-पयत येईन, काम बुडन त्याचं. अन् येऊन काय करन?"

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मला जड जातंय. तू जाताना विमानतळावर म्हणालास, बाबांकडे लक्ष ठेव. अकरा वर्षं दर रविवारी मी कन्हानला गेलो. आणि दर रविवारी महालातून त्यांच्यासाठी खर्रा घोटून नेला, सुपारी, तंबाखू, चुना, त्यांना लागतो तसा कडक. काकू होत्या तोवर लपवून, नंतर उघड. डॉक्टरांनी विचारलं, खर्रा किती वर्षांपासून? दात काळे पडलेले, तरी काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही खात जी." मला वाचवायला खोटं बोलले. मी शेजारी उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. मला लाज वाटते, जित्या. मी लक्ष ठेवलं ते असं ठेवलं. शिव्या घाल, ऐकून घेईन. पण त्या शुक्रवारनंतर घाल, आता तुझ्याकडे वेळ नाही.

पासवर्ड मी मुद्दाम तसा ठेवला. तुला शब्द आठवला असता तर फाइल उघडून, तो आवाज ऐकून तू फोन केला असतास. आठवला नसता तर विचारायला फोन केला असतास. दोन्हीकडून फोन होता. मीटिंगचा तिसरा रस्ता मला सुचला नव्हता.

लिहून देता येईल, काही अवघड नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत तू काहीच केलं नाहीस तर देईनही, काकांची मेहनत वाया जाऊ देणार नाही. पण आज देत नाही. उद्या दुपारपर्यंत ते घरी आहेत, मग भरती. मोबाइल उशाशी असेल. अंकुशनं सांगितलं म्हणून सांग. ते माझ्यावर चिडतील, ओरडतील. ओरडू दे, तेही ऐकून घे.

लिंक शुक्रवारपर्यंत आहे. फोन तर ते गुरुवारनंतरही उचलतील. फक्त पासवर्ड ऐकू येणार नाही.

तू लक्ष ठेवायला सांगितलेला,
अंकुश