पाहुण्यांनी उभं राहायचं नाही

रविवार, २ फेब्रुवारी
बंद करणार म्हणे! बिशपांचा निरोप आला — ईस्टरपर्यंत बाकं भरली नाहीत तर आमची मंडळी नाकुरू शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये मिसळून टाकायची. मिसळायला आम्ही काय पीठ आहोत? मी इथली पाळक आहे. मी हे होऊ देणार नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी
न्योकाबीला फोन केला. धाकटी बहीण, नैरोबीत मोबाइलवरून पैसे पाठवायचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, नव्या माणसाकडे तू कधी नुसतं बघितलंयस का? आम्ही अनोळखी माणसाच्या हातात फोन देतो आणि गप्प बसतो. तो जिथे अडतो तिथे चूक आमची, त्याची नाही."
म्हटलं, हे देवाचं घर आहे, फोन नव्हे.
"मग त्या घरात माणसं का टिकत नाहीत?"
फाजील! पण झोंबलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
न्योकाबी ऑफिसातल्या अवुओर नावाच्या मैत्रिणीला घेऊन आली. प्रवचन देता देता मी तिच्यावर डोळा ठेवून होते. प्रभू क्षमा करो.
दारात स्वागताला उभ्या असणाऱ्या बायांनी तिला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मग आमच्या वडीलमंडळाचे प्रमुख गिथाइगा यांनी नेहमीसारखा माइक घेतला: "पाहुण्यांनी उभं राहावं! नाव काय, घर कुठलं, इथे कोणाकडे उतरलात, सांगा!" पोरीचा चेहराच पडला. काहीतरी पुटपुटली. सगळ्यांनी दणकून टाळ्या वाजवल्या. नंतर पाहुण्यांना आतल्या खोलीत चहा आणि गरम तळलेली मांदाझी असते, तर ही गायब! फाटकापाशी सापडली.
"गाणी छान होती हो. पण मला वाटलं, नोकरीच्या मुलाखतीला आले."
आणि मी इतकी वर्षं त्याला पाहुणचार म्हणत होते!

गुरुवार, १३ फेब्रुवारी
वडीलमंडळाची बैठक. पाहुण्यांना उभं करणं बंद. नाव विचारायचं नाही. हवं तिथे बसू द्यायचं. प्रवचन निम्मं करायचं. (यावर काय पटकन एकमत झालं!)
गिथाइगा उखडले. "पाळकबाई, माझ्या आईच्या दारात कोणी आलं की ती आधी विचारायची, तू कोणाची गं? आता काय, माणसाला मांजरासारखं आत सोडायचं आणि मांजरासारखं जाऊ द्यायचं?"
"परत येणारं मांजर चालेल मला."
ते सोडून सगळे हसले. ठराव झाला.

रविवार, २ मार्च
नवी तोंडं! मागच्या बाकांवर मटाटू गाड्यांवर भाडं गोळा करणारी पोरं, बाजारातल्या बाया. दारातल्या बायांना बजावून ठेवलंय — हसा आणि सरका. एकीची जीभ वळवळत होती. डोळे वटारले!

रविवार, २३ मार्च
बिशप स्वतः आले आणि त्यांनाच दाटीवाटीने बसावं लागलं. मंडळी राहणार! न्योकाबीला फोनवर ओरडून सांगितलं. "बघ ताई, लोकांच्या वाटेतून बाजूला झालीस!" गिथाइगांनी हात मिळवला. आणि तडक फाटकाकडे चालू लागले. अजून घुश्श्यात आहेत, असू देत.
मी फार खूश आहे.

रविवार, ६ एप्रिल
शेवटच्या गाण्याला सगळे उठले. मागच्या बाकावरची एक बाई बसूनच राहिली. मला वाटलं, डुलकी लागली. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचली नाही. पिशवीत बायबल आणि पाण्याची बाटली. ना फोन, ना ओळखपत्र.
बाकावरची शेजारीण रडत होती. "महिनाभर येत होती हो. दर रविवारी मी हसायचे तिच्याकडे बघून."

सोमवार, ७ एप्रिल
शवागारातला माणूस विचारतो, गाडी कुठल्या गावाला न्यायची? आमच्याकडे माणसाला घरच्याच शेतात पुरतात; तिच्या माणसांच्या शेतात एक जागा तिची असणार. अख्ख्या मंडळीत कोणाला तिचं नाव-गाव माहीत नाही. मीच विचारू दिलं नाही. गिथाइगा पहाटेच दारात येऊन उभे. टोमणा नाही, काही नाही. "चप्पल घाला, पाळकबाई. बाजारापासून विचारायला सुरुवात करू."