चौकात ओरडलं कोण?

१२ जून १९८९, बुडापेस्ट

इतिहासाच्या पुस्तकात छप्पनच्या उठावातला पंतप्रधान इम्रे नॉज गद्दार. आणि येत्या शुक्रवारी त्याच गद्दाराला एकतीस वर्षांनी बेवारशी खड्ड्यातून काढून सन्मानाने पुन्हा पुरणार! आठवीची पोरं विचारतात, "बाई, मग तो नक्की कोण?" फासावर गेला तो कम्युनिस्ट, चढवणारेही कम्युनिस्ट. मुख्याध्यापिका म्हणतात, "छप्पन सालचं पान तूर्त सोडून द्या." सोडलं. वीस वर्षं शिकवतेय, मलाच काही कळत नाही.

१३ जून

खालच्या मजल्यावरची बोरीकाकू शुक्रवारी बाबांना आणि मला घेऊन जाणार म्हणते. जायचा हक्क तिचाच. छप्पनला उठाव सुरू झाला त्या संध्याकाळी नॉज संसदेच्या सज्जातून "कॉम्रेड्स!" म्हणाले आणि चौकातून गलका उठला — "आम्ही कॉम्रेड नाही!" आमच्या गल्लीच्या घोळक्यात तो सुरू केला म्हणे तिच्या नवऱ्याने, वेंडेलकाकांनी. त्यापायी सहा वर्षं तुरुंग. त्रेसष्टला सुटले ते खोकतच, वर्षभरात गेले.

बाबांचा म्हणे गुडघा दुखतोय. कालच याच गुडघ्याने बाजारातून बटाटे आणले!

१५ जून

बाबा जेवले नाहीत. खसखशीच्या शेवया तशाच. "येतो," एवढंच म्हणाले.

१६ जून

काय लिहू?

अंत्यविधीच्या चौकातले खांब काळ्या कापडात गुंडाळलेले. सहा शवपेट्या: पाच नॉज आणि त्यांच्या साथीदारांच्या, सहावी रिकामी — ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी. बोरीकाकू फुलं घेऊन पुढे गेली. आमची पाळी आली. बाबांनी कार्नेशन ठेवलं, टोपी काढली आणि सवयीने म्हणाले — "कॉम्रेड नॉज..."

मागचा कॅमेरावाला फिस्कारला, "ओ आजोबा! इथे कुणी कॉम्रेड नाही!"

चार जण हसले. बाबा पांढरेफटक. कसंबसं पायरीवर बसवलं. त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"गित्ता, वेंडेलचं नाव मी दिलं."

सत्तावन्नच्या वसंतात पोलिसांनी बाबांना बोलावलं होतं. तुमच्या घोळक्यात पहिला कोण ओरडला? एक नाव द्या आणि घरी जा. मी तेव्हा नऊ वर्षांची, आई आजारी. "आवाज वेंडेल-बोरीच्या बाजूने आला एवढंच ठाऊक होतं गं. पाहिलं नव्हतं मी!"

लाउडस्पीकरवरून फाशी दिलेल्यांची नावं चालूच होती. मला बाबांचा राग आला, भयंकर राग. आणि त्यांची टोपी मीच उचलून झटकत होते.

१७ जून

बाबा म्हणतात, बोरीला तू सांग, माझी जीभ रेटत नाही. मी का? पंचवीस वर्षं हा माणूस दर रविवारी तिच्याकडे जेवतो, पत्ते खेळतो, हरला की तिच्यावरच चिडतो! हे कळल्यावर ती दार तरी उघडेल का? न सांगावं तर मीही चोर. बाबांना दुसरं आहे कोण?

चारदा जिना उतरले, चारदा परत आले.

१८ जून, रविवार

सांगितलं. एका दमात, दारातच.

बोरीकाकूने हात पुसले. म्हणाली, "ठाऊक आहे. वेंडेलने सुटून आल्यावर सांगितलं, नाव कुणी दिलं ते."

मग मला आत घेऊन दार लावलं. "पण पोरी, वेंडेल ओरडलाच नव्हता. तो असा भित्रा! ओरडले मी. पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, मीच. आणि मी गप्प बसले... हे बाबांना सांगू नकोस."

वर आले तर बाबा दारातच उभे. "काय म्हणाली?"

मी म्हटलं, जेवायला बोलावलंय.